दिवस राहिले, गोळी वाढवली

भाचीचा फोन आला तेव्हा तिची पाळी चुकून जेमतेम आठ दिवस झाले होते. आवाजात आनंद मावत नव्हता. बोलता बोलता ती म्हणाली, “मावशी, आई म्हणाल्या, आता कसली औषधं नकोत. म्हणून थायरॉईडची गोळीही बंद केलीय. तसाही मागच्या रिपोर्टात थायरॉईड वाढलाच होता!”

आई म्हणजे तिच्या सासूबाई. त्यांनी काळजीपोटीच सांगितलं होतं. गर्भारपणात मनाने औषध घेऊ नये, हे आपल्या घराघरांतलं शहाणपण खरंच आहे. फक्त ही गोळी त्याला अपवाद आहे, आणि तो इतका मोठा अपवाद आहे की मी तिला फोनवरच सांगितलं, “आजची गोळी घे आणि लगेच डॉक्टरांना फोन कर.”

या घोटाळ्याचं मूळ आपल्या बोलण्यात आहे. ‘थायरॉईड वाढलाय’ असं आपण सर्रास म्हणतो. वाढलेला असतो तो टीएसएच, आणि ते थायरॉईडचं संप्रेरक नव्हेच. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूष ग्रंथी गळ्यातल्या थायरॉईडला कामाला लावण्यासाठी जी हाक मारते, ती म्हणजे टीएसएच. थायरॉईड ग्रंथी मंदावली की हाक मोठी होते. म्हणजे कागदावरचा आकडा चढलेला असतो तेव्हा ग्रंथीचं काम उतरलेलं असतं. ‘वाढलाय’ म्हटलं की गोळी कमी करावीशी वाटणं साहजिक आहे, पण करायचं असतं नेमकं उलट.

ही अडचण किती घरांत आहे? २०१३ साली आठ भारतीय शहरांतल्या प्रौढांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मुंबईही त्यात होती. जवळजवळ ११ टक्के लोकांत थायरॉईडची मंदता आढळली, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. पुष्कळदा कारण असतं ते स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने ग्रंथीवर केलेला हल्ला. जपानच्या हाशिमोतो या डॉक्टरांनी १९१२ साली त्याचं वर्णन केलं, आणि आजाराला आजही त्यांचंच नाव आहे.

आता पोटातल्या बाळाकडे वळू. त्याची स्वतःची थायरॉईड ग्रंथी साधारण बाराव्या आठवड्याच्या सुमारास थायरॉक्सिन हे संप्रेरक बनवू लागते आणि पुरेशी कामाची व्हायला अठरा ते वीस आठवडे लागतात. मेंदूची घडण मात्र त्याआधीच जोरात सुरू झालेली असते. तोवर लागणारं थायरॉक्सिन जवळजवळ सगळं आईकडून येतं. शिवाय आईच्या शरीरात इस्ट्रोजेन वाढतं, यकृत थायरॉक्सिनला बांधून ठेवणारं प्रथिन जास्त बनवू लागतं, मूत्रपिंडांतून आयोडीन अधिक बाहेर पडतं, आणि वारेतही थोडं संप्रेरक निष्क्रिय होतं. निरोगी ग्रंथी हा भार पेलते, जास्त काम करते. थकलेल्या ग्रंथीला ते जमत नाही. तिच्या वाट्याचं वाढीव काम गोळीलाच करावं लागतं.

बॉस्टनमधल्या डॉक्टरांनी आधीपासून गोळी चालू असलेल्या बायकांच्या २० गर्भारपणांचा मागोवा घेतला. २००४ साली तो प्रसिद्ध झाला. १७ गर्भारपणांत डोस वाढवावा लागला, आणि पहिल्या निम्म्या काळात गरज सरासरी ४७ टक्क्यांनी वाढली. काहींची गरज तर पाचव्या आठवड्यातच वाढू लागली होती. आपल्याकडे पाचव्या आठवड्यात पुष्कळ जणींची नावनोंदणीसुद्धा झालेली नसते! म्हणून जिची गोळी आधीपासून चालू आहे, तिने मूल हवं असं ठरवतानाच डॉक्टरांना विचारून ठेवावं: चाचणीत दोन रेघा दिसल्या तर त्या दिवसापासून मी काय करू? आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या, म्हणजे दोन दिवस दुप्पट, असा सोपा हिशेब बरेच डॉक्टर देतात. मग टीएसएच तपासून पुढचं ठरतं. ही तपासणी साधारण विसाव्या आठवड्यापर्यंत दर चार आठवड्यांनी आणि तिसाव्याच्या आसपास पुन्हा एकदा करायची. गोळी घेणाऱ्या गर्भवतीचा आकडा २.५ च्या खाली ठेवण्याचा प्रयत्न असतो. लॅबच्या कागदावर छापलेली सर्वसाधारण मर्यादा तिच्यासाठी नसते, त्यामुळे ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ एवढ्यावर थांबू नये.

डोस ठरला तरी गोळी अंगी लागायला हवी. खरी कसरत इथे आहे, आणि ती स्वयंपाकघरात असते. आपली सकाळ चहाने सुरू होते. गोळी मात्र रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची, आणि चहा-दूध-नाश्ता किमान अर्ध्या तासाने, तासाभराने असेल तर उत्तम. त्यात गर्भारपणात लोहाची आणि कॅल्शियमची गोळी येते. दोन्ही हव्यातच, पण दोन्ही आतड्यात गोळीतल्या थायरॉक्सिनला अडवतात. त्यांच्यात आणि थायरॉईडच्या गोळीत चार तासांचं अंतर हवं. पुष्कळ जणी सगळ्या गोळ्या एकाच डबीत ठेवून नाश्त्याबरोबर घेऊन टाकतात, आणि मग डोस वाढवूनही आकडा का उतरत नाही, हे कुणाच्या लक्षात येत नाही. भाचीने फ्रिजवर कागद चिकटवला: सहाला थायरॉईड, दुपारच्या जेवणाबरोबर कॅल्शियम, पाचला लोह, रात्रीच्या जेवणाबरोबर पुन्हा कॅल्शियम. जळजळीवरचं औषध लागलंच तर तेही सकाळच्या गोळीपासून लांब. पुढे सकाळच्या उलट्यांनी ती बेजार झाली, तेव्हा डॉक्टरांनी गोळी रात्री झोपताना, जेवणानंतर तीन तासांनी घ्यायला सांगितली आणि कॅल्शियम-लोहाच्या वेळा अलीकडे आणल्या. बाटली गॅसजवळच्या फडताळात ठेवू नये. उष्णता आणि दमट हवा दोन्ही या गोळीला मानवत नाहीत.

खाण्याच्या बाबतीत भीतीच जास्त पसरलेली आहे. शिजवलेली कोबी-फ्लॉवरची भाजी नेहमीच्या प्रमाणात खायला हरकत नाही. माझी काळजी मिठाची आहे. उपवासाचं सैंधव आता ‘आरोग्यदायी’ म्हणून रोजच्या आमटीत जाऊ लागलं आहे, कोकण-गोव्याकडे मिठागरातलं खडं मीठही आवडीने आणतात. यांत बहुधा आयोडीन मिसळलेलं नसतं. गर्भवतीला दिवसाला २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, एरवी १५० पुरतं. आयोडीनयुक्त मीठ या देशात सहज आलेलं नाही. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी १९५६ पासून कांगडा खोऱ्यात वर्षानुवर्षं काम करून दाखवलं की मिठात आयोडीन मिसळलं की गलगंड ओसरतो. १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. ते मीठ स्वयंपाकघरातून बाहेर काढू नये, असं मला मनापासून वाटतं. मात्र आयोडीनने हाशिमोतोचा आजार बरा होत नाही, त्यामुळे गोळीऐवजी आयोडीनचे जादा डोस घेणं चूकच.

काही जणींना हे सगळं उशिरा कळतं आणि मग त्या अपराधी भावनेने खचतात. त्यांच्यासाठी दोन अभ्यास सांगते. १९९९ सालच्या अमेरिकन अभ्यासात, गर्भारपणात मंदता असूनही उपचार न मिळालेल्या मातांच्या मुलांचा बुद्ध्यंक सरासरी सात अंकांनी कमी दिसला. ही सरासरी आहे, एखाद्या बाळाचं भाकीत नव्हे. २०१२ साली ब्रिटन आणि इटलीतल्या सुमारे २२ हजार गर्भवतींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बहुतेकींचा बिघाड सौम्य होता, उपचार तेराव्या आठवड्याच्या सुमारास सुरू झाले, आणि तिसऱ्या वर्षी तपासलेल्या मुलांत उपचार मिळालेल्या व न मिळालेल्या मातांच्या मुलांचा बुद्ध्यंक सारखाच निघाला. तेव्हा मंदता तीव्र असेल तर एक दिवसही दवडू नये, आणि आकडा थोडासाच वर असेल तर रात्रीची झोप घालवू नये.

भाचीला मुलगी झाली. बाळंतपणानंतर तिचा डोस पूर्वीच्या मापावर आणला आणि सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासलं. ही गोळी घेत असताना बाळाला पाजायला काहीच अडचण नसते. बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन थायरॉईडची तपासणीही करून घेतली. जन्मजात मंदता असेल तर पहिल्या दोन आठवड्यांत उपचार सुरू व्हायला हवेत, आणि नुसतं बघून ती बहुधा ओळखू येत नाही.

बाळाच्या चौथ्या महिन्यात एकदा भाची म्हणाली, “मावशी, अंग सारखं गळून जातं गं, उगाच रडू येतं.” सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. त्याच म्हणाल्या, “जागरणांनी होतं खरं. पण उद्या तो टीएसएच करून घेऊ या.”