‘शर्करामुक्त’ म्हणजे नेमके काय?

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या 2018 च्या नियमांनुसार 100 मिलिलिटर पेयात 0.5 ग्रॅमपेक्षा अधिक शर्करा नसेल तरच त्यावर ‘शर्करामुक्त’ असे छापता येते. ‘साखर घातलेली नाही’ हा दावा वेगळा असून तो मिरवणाऱ्या रसात फळातील मूळ शर्करा शिल्लकच असते. उसाचा रस आणि नीरा ‘नैसर्गिक’ म्हणून निर्धोक मानणे हाही त्यातलाच प्रकार.

कोकमाच्या बाटल्या घेताना हा भेद विशेष जपावा लागतो, कारण ‘अमृत कोकम’ हा साखरेच्या पाकातला अर्क असतो, तर ‘आगळ’ म्हणजे मिठात मुरवलेला रातांब्याचा रस, जो पाण्यात मिसळून जिरेपूड घातल्यास मधुमेहींना चालतो; मात्र उच्च रक्तदाब असणाऱ्यांना त्यातील मिठाचा हिशेब ठेवावाच लागतो.

सुक्रालोज, अ‍ॅस्पार्टेम यांसारखी कृत्रिम मधुरके, म्हणजे साखरेच्या शेकडो पट गोड असल्याने अत्यल्प प्रमाणात पुरणारी द्रव्ये, रक्तातील ग्लुकोज थेट वाढवत नाहीत. वजन नियंत्रणासाठी ती वापरू नयेत, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये दिला, परंतु आधीपासून मधुमेह असलेल्यांना तो लागू नाही, हे सहज नजरेआड होते.

इन्सुलिन घेणाऱ्याचे ग्लुकोज प्रति डेसिलिटर 70 मिलिग्रॅमच्या खाली उतरल्यास शर्करामुक्त पेय निरुपयोगी ठरते. रुग्ण शुद्धीवर असेल तर अशा वेळी सुमारे 15 ग्रॅम साखर पाण्यात विरघळवून द्यावी लागते.