भूगर्भातील प्रवाह आणि छायाचित्रकाराची जबाबदारी

छत्तीसगडमधील बस्तर जिल्ह्यात जगदलपूरच्या दक्षिणेस कांगेर खोऱ्याचे राष्ट्रीय उद्यान आहे. १९८२ साली घोषित झालेल्या या उद्यानात कुटुमसर ही चुनखडकाची गुहा आहे. पावसाळ्यात तीत पुराचे पाणी शिरते. ते ओसरल्यावर तळाशी डबकी व संथ धारा उरतात. या नित्य काळोखात एक लहानसा मिशाळ मासा राहतो. १८७२ साली फ्रान्सिस डे यांनी पुण्याकडील नमुन्यांवरून ज्या जातीचे वर्णन केले, त्याच जातीचा तो समजला गेला आहे. मात्र पुण्याच्या ओढ्यांतील मासा डोळस व पट्टेदार, तर गुहेतील अनेकांचे डोळे खुरटलेले आणि रंग फिकट असतो. हा फरक कागदावर आणण्याचे एक निरुपद्रवी साधन म्हणजे छायाचित्र होय. नमुना पकडला की एक जीव कमी होतो. छायाचित्राने तो कमी होत नाही.

तथापि हे काम सोपे नाही. गुहेतील हवा उबदार व दमट असते. हिवाळ्याच्या सकाळी बाहेरून आणलेल्या थंड भिंगावर तत्काळ बाष्प साचते. यास्तव कॅमेरा बंद पिशवीतच काही वेळ ठेवून गुहेच्या तापमानास येऊ द्यावा लागतो. दुसरी अडचण गाळाची. पाण्यात एक पाऊल पडले तरी तळ ढवळला जातो आणि पाणी निवळण्यास बराच वेळ लागतो. म्हणून काठावरूनच, आणि प्रवाह असल्यास त्याच्या खालच्या बाजूने, जीवाजवळ जाणे इष्ट असते. दिव्याचा झोत कॅमेऱ्याच्या शेजारूनच टाकल्यास पाण्यावर चकाकी येते व तरंगणारे कण पांढऱ्या ठिपक्यांसारखे उमटतात. तोच दिवा बाजूला, तिरपा धरल्यास माशाची बाह्यरेषा स्पष्ट होते. हा मासा अधूनमधून हवा गिळण्यासाठी पृष्ठभागावर येतो. त्या क्षणाची वाट पाहणाऱ्यास त्याच्यामागे धावावे लागत नाही.

छायाचित्रासोबत तारीख, जागा, पाण्याची खोली व तापमान यांची नोंद केली नाही, तर ते केवळ शोभेचे चित्र ठरते. नोंदीसह घेतलेली चित्रे वर्षानुवर्षे साठली, म्हणजे जीवांची संख्या घटली काय, पाणी गढूळले काय, हे ताडून पाहता येते.

अशा गुहेत अन्न बाहेरून येते: पुराबरोबर वाहून आलेला पालापाचोळा व वटवाघळांची विष्ठा. त्यामुळे जीवांची संख्या मर्यादित राहते आणि एखाद्या डबक्याची हानीही मोठी ठरते. सतत प्रकाश पडल्यास भिंतींवर शेवाळ वाढते. माणसांच्या वर्दळीने तळ तुडवला जातो. म्हणून वनखात्याची अनुमती, स्थानिक वाटाड्याची सोबत, पावसाळ्यात पूर्ण प्रवेशबंदी आणि झोताचा मोजका वापर ही बंधने पाळणे अगत्याचे आहे. माशाला हातात घेऊन चित्र काढणे सर्वथा वर्ज्य मानावे.

चुनखडकाच्या भेगांतून पाणी फारसे गाळले न जाता खाली उतरते. माथ्यावरच्या शेतातील कीटकनाशक किंवा गावाचा कचरा अशा रीतीने थेट गुहेत पोहोचू शकतो. शिक्षकांनी वर्गात दोन चित्रे शेजारी ठेवून, एक पुण्याच्या ओढ्यातील माशाचे व दुसरे कुटुमसरच्या माशाचे, हा धडा दिला, आणि पंचायत सदस्यांनी कचऱ्याची जागा ठरविताना खालच्या पाण्याचा विचार केला, तर न दिसणाऱ्या या जीवसृष्टीचे रक्षण जमिनीवरूनच होऊ शकेल.