मोत्याला ठेवून गावी जाताना

मे महिन्यात लग्नासाठी गावी जायचे म्हणून आम्ही मोत्याला पहिल्यांदा कुत्री सांभाळणाऱ्याकडे ठेवले, तेव्हा कसलीच तयारी केली नव्हती. पैसे भरले आणि थेट एस.टी. गाठली. आठ दिवसांनी आलो तर त्याचे पोट खपाटीला गेलेले. चार दिवस त्याने अन्नाला तोंड लावले नव्हते. पोरं रडली. चूक आमचीच होती.

पुढच्या खेपेला महिनाभर आधीच सुरुवात केली. रेबीज, पार्व्हो, डिस्टेंपरच्या लशी राहिल्या असतील, तर निघायच्या आदल्या दिवशी टोचून उपयोग नाही. अंगात प्रतिकारशक्ती यायला दोन-तीन आठवडे लागतात. पार्व्होचा विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने तग धरतो आणि तिथे दहा घरची कुत्री येतात. म्हणून लशीचे कार्ड न मागणाऱ्याकडे जनावर ठेवूच नये, असे आमचे मत आहे. भाव कमी म्हणून मोह होतो, आम्हालाही झाला होता.

मग मोत्याला आधी दोन तास, पुढच्या रविवारी एक रात्र तिथे ठेवले. आपली माणसे परत येतात, हे त्याला कळायला हवे ना! खाणे घरचेच दिले. अन्न एकदम बदलले की जुलाब होतात. सोबत आईचे जुने लुगडे दिले, मुद्दाम न धुतलेले. निघताना गळामिठी घातली नाही. दोरी सोपवली आणि वळलो.

आणायला गेलो तेव्हा स्वारी लुगड्यावर पसरली होती.