शिडाची नळी आणि दोरांचं पिंप: होडीच्या ट्रेलरवर सामान स्वस्तात कसं न्यावं

मागच्या रांगेत ऐकू येतंय ना? बरं.

आजचा विषय दिसायला किरकोळ आहे. होडी ट्रेलरवर चढवली, पट्ट्यांनी आवळली. आता उरलेलं सामान कुठे ठेवायचं? शीड, डोलकाठी, बूम, सुकाणू, डॅगरबोर्ड, दोर, कप्प्या, पान्हे. बहुतेक जण हे सगळं होडीच्या पोटात टाकतात आणि वरून ताडपत्री ओढतात. शंभर-दीडशे किलोमीटर गेल्यावर ती ताडपत्री काढून बघा. डॅगरबोर्डाची कड घासून घासून खरबरीत झालेली असते, शिडावर पान्ह्याचा गंज उमटलेला असतो, आणि दोरांचा असा गुंता झालेला असतो की शर्यत सुरू व्हायची वेळ आली तरी तो सुटत नाही.

यावर उपाय सोपा आहे आणि स्वस्तही आहे. लागणारं सामान प्लंबिंगच्या दुकानात, भंगारवाल्याकडे आणि घरातल्या जुन्या कपड्यांत मिळतं. पण आधी माझी फजिती सांगतो.

मी पहिली नळी केली आणि आम्ही पुण्याहून हैदराबादला निघालो, हुसेनसागरावरच्या शर्यतींसाठी. साडेपाचशे किलोमीटरहून जास्त रस्ता. दुपारची वेळ. इंदापूरच्या पुढे नळीचं मागचं झाकण उडालं. मी ते नुसतं दाबून बसवलं होतं. शीड सरकत सरकत बाहेर आलं आणि रस्त्यावर पसरलं. मागून मोटरसायकलवर एक माणूस येत होता, पुढे टाकीवर लहान मुलगी. त्याने कशीबशी गाडी बाजूला घेतली. थांबला, शीड गोळा करायला हात लावला, आणि एक शब्द न बोलता निघून गेला. चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

म्हणून आज जे सांगणार आहे त्याचं सार आधीच सांगतो. वस्तू स्वस्तातली वापरा, काही बिघडत नाही. पण ती कुठे बसवायची आणि कशी बांधायची, यात काटकसर करायची नाही. घरातल्या फळीवरची वस्तू पडली तर आपल्या पायावर पडते. ट्रेलरवरची दुसऱ्याच्या अंगावर जाते.

शीड घडी करून का नको?

डोळ्यांसमोर एक होडी ठेवू या. लेझर घ्या, जिला आता इल्का म्हणतात. लांबी सव्वाचार मीटरच्या आतबाहेर, नुसत्या होडीचं वजन ५९ किलो, मोठं शीड ७ चौरस मीटरचं. डोलकाठी दोन तुकड्यांची.

हे शीड पॉलिएस्टरच्या कापडाचं असतं. विणलेल्या कापडावर राळेसारखा थर चढवून त्याला ताठपणा आणलेला असतो. हातात घेतलं की कागदासारखं कडकडतं ना, ते त्यामुळेच. एकाच रेषेवर पुन्हा पुन्हा घडी पडली की तिथला थर मोडतो. कापड फाटत नाही, पण तिथे ते मऊ पडतं, आणि मग वाऱ्यात शिडाला जसा आकार यायला हवा तसा येत नाही. म्हणून शीड गुंडाळायचं. आतल्या पट्ट्या, म्हणजे बॅटन, आधी काढायच्या. मग वरच्या टोकापासून खालच्या कडेपर्यंत सैलसर गुंडाळी करायची. लेझरच्या शिडाची ही गुंडाळी पावणेतीन मीटरच्या आसपास लांब होते.

आणि शीड कोरडं हवं. समुद्रात वापरलं असेल तर आधी गोड्या पाण्याने धुवायचं. मीठ राहिलं तर ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि कापड कधीच पुरतं वाळत नाही. मग बुरशीचे काळे ठिपके येतात, आणि ते जाता जात नाहीत.

नळी

गुंडाळी पावणेतीन मीटर, आणि ड्रेनेजचा पीव्हीसी पाइप ३ मीटर लांबीत मिळतो. जमलं की नाही? व्यास १६० मिलिमीटरचा घ्या. ११०चा स्वस्त पडतो, पण मोठं शीड त्यात कोंबावं लागतं. मुलांच्या ऑप्टिमिस्टचं छोटं शीड असेल तर ११० पुरतो. खूण सांगतो: गुंडाळीभोवती दोन बोटं फिरली पाहिजेत. १६०चा, साडेतीन मिलिमीटर जाडीचा ३ मीटर पाइप साधारण सात किलो भरतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पाइपाच्या कापलेल्या कडा पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करा, आतून पण. पुढच्या टोकाला एन्ड कॅप सॉल्व्हंटने कायमची चिकटवा आणि एक दिवस हात लावू नका. मागच्या टोकाला आटे असलेलं झाकण बसवा. बंद तोंड पुढे का? ब्रेक मारला की आतला माल पुढे धावतो, तिथे चिकटवलेलं टोक हवं. शिवाय पाऊस आणि धूळ समोरून येतात.

आता मागचं झाकण. आटे आहेत म्हणून निश्चिंत राहू नका. रस्त्याच्या हादऱ्यांनी आटे आपोआप सैल होतात. झाकणाला एक भोक, पाइपाच्या कडेला दोन भोकं, त्यातून दोर ओवून झाकणावरून आडवा आवळायचा. म्हणजे झाकण सुटलं तरी पडत नाही, आणि पडलं तरी शीड दोराला अडतं. माझ्या पहिल्या नळीला एवढंच नव्हतं. हातभर दोर.

खालच्या बाजूने, दोन्ही टोकांजवळ, सहा-आठ मिलिमीटरची दोन-दोन भोकं पाडा. पाणी निघून जातं, हवा खेळते. त्यांवर आतून मच्छरदाणीची जाळी चिकटवा, नाहीतर कुंभारमाशी मातीचं घर बांधून मोकळी होते. नळी बसवताना मागची बाजू जराशी खाली ठेवा, म्हणजे पाणी साचणार नाही.

शीड तसंच आत ढकलू नका. तंबोऱ्याला गवसणी असते ना, तशी जुन्या सुती साडीची लांब गवसणी शिवा. टोकाला एक नाडी ठेवा. नाडी धरून ओढलं की शीड न घासता बाहेर येतं.

नळी बसवायची कशी?

पीव्हीसी उन्हात मऊ पडतो आणि लांबीने वाढतो. पहाटेच्या गारव्यात आणि दुपारच्या उन्हात पाइपाच्या तापमानात ३० अंशांचा फरक धरला, तर ३ मीटर पाइप सहा मिलिमीटरच्या आसपास वाढतो. दोन्ही टोकं घट्ट आवळली तर वाढायला जागा नाही, मग तो मधेच बाक काढतो. म्हणून आधार तीन द्यायचे: एक मध्ये, दोन टोकांपासून वीतभर आत. मधला घट्ट, बाजूचे दोन पाइप सरकू शकेल इतके सैल. सैल म्हणजे मोकळे नव्हेत. पट्टी पाइपाभोवती पूर्ण फिरलेलीच हवी.

आधार लाकडाच्या ठोकळ्याचे करा. पाइपाच्या गोलाईची खोबण कोरा आणि त्यात सायकलच्या जुन्या ट्यूबचं रबर लावा. ठोकळे ट्रेलरच्या अँगलला यू-बोल्टने धरायचे. अँगलला भोकं पाडायची नाहीत. भोक पाडलं की तिथलं जस्त किंवा रंग जातो आणि गंज आत शिरतो. नट नायलॉनच्या कड्याचे वापरा, ते हादऱ्याने फिरत नाहीत. आणि पाइपाला बाहेरून पांढरा रंग द्या. ऊन कमी शोषलं जातं, पाइप लवकर ठिसूळ होत नाही.

वजन कुठे पडतं?

आता खरा मुद्दा. ट्रेलर हा चाकांच्या आसावर तोललेला तराजू आहे. पुढे गाडीच्या हुकावर थोडं वजन पडायलाच हवं. हलक्या ट्रेलरला एकूण वजनाच्या साधारण ५ ते १० टक्के. ते फार कमी झालं किंवा मागच्या बाजूला गेलं, की वेग वाढल्यावर ट्रेलर शेपटी हलवू लागतो. एकदा ती लय धरली की गाडीलाही ओढतो.

हिशेब करू. ट्रेलर, होडी, सामान मिळून २०० किलो. म्हणजे हुकावर १० ते २० किलो हवेत. समजा आत्ता १५ आहेत. आसापासून हूक ३ मीटर पुढे आहे. तुम्ही २० किलोची सामानाची पेटी आसाच्या दीड मीटर मागे ठेवली, कारण तिथे जागा रिकामी होती. वीस गुणिले दीड, भागिले तीन. हुकावरचे १० किलो उतरले. राहिले ५. ट्रेलर बिघडला! तीच पेटी आसाच्या अर्धा मीटर पुढे ठेवा: वीस गुणिले अर्धा, भागिले तीन. सव्वातीन किलो वाढले, १८ झाले. पेटी तीच, ट्रेलर तोच.

मोजायला घरातला वजनकाटा पुरतो. ट्रेलर सपाट जागी, चाकांना दगड लावून, काट्यावर लाकडी ठोकळा ठेवा आणि त्यावर ट्रेलरचं तोंड टेका. उंची गाडीच्या हुकाइतकी हवी. सगळं सामान चढवून मोजा. नळी सात किलोची, शिवाय शिडाचं वजन. तिचा मध्य आसाच्या थोडा पुढे आला की झालं.

एक आणखी. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे. मागचे दिवे, नंबरप्लेट झाकली जाईल असं काही बसवू नका, आणि नळी ट्रेलरच्या मागे बाहेर येऊ देऊ नका.

पिंप

दोर, कप्प्या, शॅकल, पान्हे यांच्यासाठी पुष्कळ जण प्लायवूडची पेटी करतात. १२ मिलिमीटरचं प्लाय घेऊन चार फूट बाय दीड बाय एक अशी पेटी केली, तर रिकामीच पंधरा-सतरा किलो होते. वरून रंग, बिजागऱ्या, कडी. त्यापेक्षा निळं प्लास्टिकचं पिंप घ्या, रुंद तोंडाचं, कडं आवळून बंद होणारं, पन्नास-साठ लिटरचं. भंगारात मिळतं, हलकं असतं, आत पाणी जात नाही. फक्त त्यात आधी काय होतं ते विचारून घ्या. रसायनाचं नको, खाण्याच्या पदार्थाचं बघा. आसाच्या किंचित पुढे आडवं ठेवा, खाली दोन ठोकळे, वरून दोन पट्टे. एक पट्टा तुटला तरी दुसरा असलाच पाहिजे.

पिंप हवाबंद आहे, म्हणून ओले दोर त्यात नकोत. ते जाळीच्या पिशवीत. सुकाणू आणि डॅगरबोर्ड यांना प्रत्येकी वेगळी पिशवी, आतून फोम. एकत्र ठेवले तर एकमेकांच्या कडा खातात. आणि लाइफ जॅकेट ट्रेलरवर नकोत, गाडीत ठेवा. जीव वाचवणारी वस्तू उन्हात आणि हादऱ्यांत कशाला टाकायची?

प्रश्न

*नळी उभी चिरून बिजागऱ्या लावल्या तर? शीड वरूनच ठेवता येईल.*

सुचतं सगळ्यांना, मलाही सुचलं होतं. पण नळीची ताकद ती बंद असण्यात आहे. चिरली की पिळवटते, उन्हात फाकते, आणि एका झाकणाऐवजी ३ मीटर लांबीचं झाकण सांभाळावं लागतं.

*पावसाळ्यात शीड नळीतच ठेवलं तर चालेल?*

नाही. नळी प्रवासासाठी आहे, मुक्कामासाठी नाही. कोकणात पावसाळ्याआधी होड्या वर ओढून झापांनी शाकारतात, पण शीड कुणी होडीत ठेवत नाही. घरी न्या, कोरड्या जागी ठेवा, उंदरांपासून जपा.

*बांधलेलं नीट आहे हे कळणार कसं?*

निघाल्यावर दहा किलोमीटरवर थांबा. तोपर्यंत जे सैल व्हायचं ते झालेलं असतं. झाकण, दोर, तिन्ही पट्ट्या, पिंपाचे दोन पट्टे, प्रत्येकाला हात लावा. नुसतं बघू नका, हाताने हलवून बघा. मग प्रत्येक थांब्यावर तेच. चहाच्या आधी. मी आता तसंच करतो. बरोबरची मुलं हसतात, पण आधी तीच जाऊन झाकण हलवून बघतात.