पोट दुखते, पण नेमके कोठे?

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. पोटाच्या विकाराने ग्रासलेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला भगवान बुद्धांच्या दृष्टीस पडतो. तुला कोणता आजार आहे आणि तुझी शुश्रूषा करणारे कोणी आहे काय, असे ते त्याला विचारतात. कोणीच नाही, हे कळताच ते आनंदाकडून पाणी मागवितात आणि दोघे मिळून त्या भिक्खूला स्वच्छ करून मंचकावर निजवितात. पुढे ते संघाला समजावितात की, येथे तुमचे मातापिता नाहीत. तुम्ही एकमेकांची सेवा केली नाही, तर ती करणार कोण? निवासी शाळेत हयात घालविलेल्या आम्हा शिक्षकांना हा प्रश्न थेट आपल्यालाच विचारला आहे, असे वाटते.

काही वर्षांपूर्वी गणिताच्या चाचणीच्या दिवशी सातवीतील एका मुलाने सकाळीच पोट दुखत असल्याचे सांगितले. कोठे दुखते, हे न विचारताच आम्ही तो बहाणा ठरविला आणि चिमूटभर ओवा देऊन त्याला वर्गात बसविले. रात्री तो उजव्या बाजूला वाकून चालू लागला, तेव्हा आमचे डोळे उघडले. शस्त्रक्रिया वेळेत झाली, मुलगा वाचला. मात्र दुखणे प्रथम कोठे सुरू झाले, या डॉक्टरांच्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही इतिहासाचे शिक्षक. वैद्यकाचा अधिकार आमचा नव्हे. तरी त्या दिवसाच्या लाजेने आम्हाला जे शिकविले, ते येथे मांडीत आहोत.

तळपायात काटा रुतला, तर बोट नेमके तेथेच जाते. पोटातील अवयवांचे तसे नसते. त्यांच्याकडून येणारे मज्जातंतू विरळ असतात. मज्जारज्जूच्या ज्या पातळीवर ते पोहोचतात, त्याच पातळीवर त्वचेच्या निराळ्या भागाचे तंतूही येत असतात; म्हणून मेंदूला जागेचा निश्चित बोध होत नाही. अपेंडिक्स म्हणजे आंत्रपुच्छ पोटाच्या उजव्या खालच्या भागात असते, पण त्याला सूज येऊ लागली की दुखणे बहुधा प्रथम बेंबीभोवती जाणवते. सूज वाढून पोटाच्या आतील अस्तराला भिडली म्हणजे त्या अस्तराचे मज्जातंतू जागा अचूक दाखवितात. मग साधारणतः १२ ते २४ तासांत दुखणे उजवीकडे खाली उतरते. मॅकबर्नी या अमेरिकन शल्यचिकित्सकाने १८८९ साली हा बिंदू वर्णिला. उजव्या कमरेच्या हाडाचे पुढचे टोक आणि बेंबी यांना जोडणाऱ्या रेषेवर, हाडापासून एक-तृतीयांश अंतरावर तो येतो. भूक मरणे, उलटी, बारीक ताप आणि खोकताना वा उडी मारताना वाढणारी कळ ही त्याची सोबतची लक्षणे. म्हणून आता कोठे दुखते, याइतकेच आधी कोठे दुखत होते, हेही विचारावे लागते.

बेंबीतून एक उभी व एक आडवी रेषा कल्पिली, तर पोटाचे चार भाग होतात. उजवीकडे वर यकृत व पित्ताशय आहे. दूषित पाण्यामुळे होणाऱ्या काविळीत तेथे जडपणा येतो, अन्नावरची वासना उडते, लघवी गडद होते. वर मध्यभागी जठर असते. तेथील जळजळ जेवणाच्या अनियमित वेळांमुळे वाढू शकते. डावीकडे बरगड्यांखाली प्लीहा, तर डावीकडे खाली मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग आहे. खाली मध्यभागी मूत्राशय आणि मुलींमध्ये गर्भाशय असते. पाठीच्या कुशीतून जांघेकडे सरकणारी तीव्र कळ मुतखड्याची असू शकते.

वसतिगृहात सर्वांत अधिक आढळणारे कारण मात्र साधे आहे, ते म्हणजे बद्धकोष्ठ. शौचालय अस्वच्छ, दूर वा अंधारात असले की मुले शौचाचा वेग रोखून धरतात. हा दोष मुलांचा नव्हे, आपल्या व्यवस्थेचा आहे. जंतांसाठी शासन १० फेब्रुवारीस जंतनाशक दिन पाळते. त्या दिवशी एकही मूल गोळीवाचून राहू नये.

घरची आठवण, भीती, परीक्षा यांनीही पोट दुखते, बहुधा बेंबीभोवती. ते दुखणे खोटे नसते. जॉन ॲपली या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने सहकाऱ्यासह १९५८ साली एक हजार शाळकरी मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत सुमारे दहांपैकी एका मुलाला वारंवार पोटदुखी होती. दुखणे बेंबीपासून जितके दूर, तितकी शारीरिक कारणाची शक्यता अधिक, असा ठोकताळाही त्यांच्या नावे रूढ आहे. पण आंत्रपुच्छाचे दुखणेही बेंबीपाशीच सुरू होते, हे विसरून चालणार नाही.

काही दुखणी मूळची पोटाची नसतात. मण्यार जातीचा साप रात्री जमिनीवर झोपलेल्यांना चावतो. दंश फारसा जाणवत नाही, खूणही अनेकदा सापडत नाही. पहाटे मूल पोटात कळा येऊन उठते, उलटी करते, मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, श्वास मंदावतो. अशा वेळी क्षणभरही न थांबता जेथे प्रतिसर्पविष मिळते, त्या रुग्णालयाकडे निघावे. विदर्भात आपल्या समाजात व आदिवासी बांधवांत सिकलसेल आढळतो. त्यात हातापायांसह पोटातही असह्य कळा येतात आणि लहान मुलांत प्लीहा एकाएकी फुगू शकते. प्रत्येक विद्यार्थ्याची सिकलसेल तपासणी झालेली असावी व त्याचे कार्ड शाळेत असावे.

काही दुखणी लाजेपोटी दडविली जातात. अंडकोषाला पीळ पडला, तर मुलगा केवळ ओटीपोट दुखते, एवढेच सांगतो. तेथे साधारणतः सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया व्हावी लागते. मुलींना पाळीच्या वेदना सांगण्यासाठी विश्वासाची बाई हाताशी हवी.

उपाय करताना आपण काय करू नये, हे अधिक महत्त्वाचे. बेंबी सरकली म्हणून पोट चोळणे, जुलाब देणे, देवऋषीकडे नेणे हे सर्व वर्ज्य मानावे. मेळघाटात तापलेल्या विळ्याने बालकांच्या पोटावर डाग देण्याची प्रथा अजूनही आढळते, तिचा विचारही अंगावर काटा आणतो. बाबासाहेबांनी आपल्याला दिलेली विवेकाची दृष्टी मुलाच्या अंथरुणाशीही जागी असली पाहिजे. दुखणे खालीवर होत राहण्याऐवजी वाढतच असेल, पोट लाकडासारखे घट्ट असेल, उलटी हिरवी वा रक्तमिश्रित असेल, शौचातून रक्त जात असेल, मूल निपचित पडत असेल किंवा दुखण्याने झोपेतून उठत असेल, तर खायला-प्यायला न देता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

आमच्या वसतिगृहात आता एक वही असते. मुलाने पोट दुखते म्हटले की तीत चार गोष्टी लिहिल्या जातात : बोट ठेवून दाखवलेली जागा, सुरू झाल्याची वेळ, आधीची जागा आणि सोबतची लक्षणे. चाचणीच्या दिवशीही ती वही उघडली जाते. ज्या निवासी शाळांत ती नाही, तेथील शिक्षक बंधुभगिनींनी ती आजच सुरू करावी, एवढीच या निमित्ताने विनंती.