दारात आलेला आरोग्य निरीक्षक आणि आपल्या वाडीची विहीर



आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो. पुढचे तीन महिने विहारात ग्रंथवाचन चालते आणि एरवी कामावर असलेली माणसेही संध्याकाळी एकत्र येतात. कावीळ, जुलाब, डेंग्यू, मलेरिया आणि भातलावणीनंतरचा लेप्टोचा ताप हे सगळे याच तीन महिन्यांत वस्तीत शिरतात. याच दिवसांत खांद्याला पिशवी आणि हातात बॅटरी व वही घेतलेला एक माणूस दारात येतो. कुणी त्याला 'मलेरियावाला' म्हणते, कुणी 'पावडरवाला', कुणी नुसतेच 'साहेब'. तो पिंपाचे झाकण उघडून पाहतो, काहीतरी लिहितो आणि जातो. तो नेमके काय पाहतो, काय लिहितो आणि त्या लिहिण्याचे पुढे काय होते, हे आपल्यातल्या फार थोड्या घरांना माहीत असते. म्हणून या वेळच्या आरोग्य पानावर आम्ही त्याच्याच कामाविषयी लिहीत आहोत.

आधी हा माणूस कोण ते पाहू. अलिबाग किंवा मुरूडसारख्या नगरपरिषदेच्या गावात हे काम स्वच्छता निरीक्षकाचे, म्हणजे आपण ज्याला सॅनिटरी इन्स्पेक्टर म्हणतो त्याचे. रेवदंडा ही ग्रामपंचायत आहे. तिथे असा एकच अधिकारी नसतो, त्याचे काम वाटले गेलेले असते. प्राथमिक आरोग्य केंद्राचा आरोग्य सेवक घरोघर फिरतो, त्याच्यावर आरोग्य सहाय्यक देखरेख करतो, विहिरीत आणि टाकीत पावडर टाकायची ती ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाने, आणि पावडर वेळेवर आणून ठेवायची जबाबदारी ग्रामपंचायतीची, म्हणजे व्यवहारात ग्रामपंचायत अधिकाऱ्याची (पूर्वीच्या ग्रामसेवकाची). आशाताई या सगळ्यांना जोडून असतात. काम असे चौघांत वाटले की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवू शकतो. त्यामुळे कोणते काम कुणाचे, हे आपणच पाठ करून ठेवलेले बरे.

वस्तीत या माणसाविषयी जो धाक असतो तो काही उगीच आलेला नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, १८९७ साली साथरोग कायदा झाला आणि तपासणीची माणसे पोलीस-शिपाई घेऊन घरात शिरू लागली. सामान बाहेर फेकले गेले, माणसे उचलून नेली गेली. शहरातल्या झोपडपट्टीत तर आजही निरीक्षक म्हटले की आधी दंडाची पावती आणि झोपडी तोडणारी गाडी डोळ्यांसमोर येते. म्हणून आपल्या आया-बहिणी 'घरात कुणी नाही' असे आतूनच सांगतात किंवा पिंपावर गोधडी टाकतात. पण घर बंद सापडले की वहीत 'घर बंद' एवढीच नोंद होते. मग पुढे वस्तीत ताप पसरला, तर तिथे अळ्या होत्या की नव्हत्या हे कागदावर कुठेच सापडत नाही.

आता पाण्याकडे येऊ, कारण खरे दुखणे तिथे आहे.

रेवदंडा, चौल, नागाव या पट्ट्यात नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत आणि वाडीवाडीत विहिरी आहेत. जमीन रेताड. रेताड जमिनीत पाणी चटकन मुरते, आणि पाण्याबरोबर घाणही मुरते. विहिरीपासून शौचालयाचा शोषखड्डा, उकिरडा किंवा गुरांचा गोठा निदान १५ मीटर म्हणजे ५० फूट लांब असावा असा संकेत आहे. ज्यांच्याकडे वाडी आहे त्यांना हे जमते. दोन-तीन गुंठ्यांत दहा घरे असलेल्या बौद्धवाडीत ५० फूट आणायचे कुठून? तेव्हा 'तुमच्या लोकांना स्वच्छता कळत नाही' असे कुणी म्हणाले, तर आधी जागा मोजून दाखवा. आणि जागा वाढवता येत नाही तोवर विहिरीचे शुद्धीकरण न चुकता होणे हाच आपला आधार आहे.

हे शुद्धीकरण टीसीएल पावडरने, म्हणजे ब्लिचिंग पावडरने होते. बऱ्यापैकी स्वच्छ पाण्याला १००० लिटरला साधारण ५ ग्रॅम पावडर लागते. विहिरीत पाणी किती आहे, हे काढायची रीत शाळकरी मुलालाही जमेल. गोल विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजायचा, त्याला त्यानेच गुणायचे, मग पाण्याच्या खोलीने गुणायचे, मग ०.७८५ ने आणि शेवटी १००० ने. व्यास ३ मीटर आणि पाणी २ मीटर खोल असेल, तर सुमारे १४ हजार लिटर पाणी झाले. त्याला ७० ग्रॅम पावडर पुरते. मूठभर पावडर काठावरून भिरकावणे म्हणजे शुद्धीकरण नव्हे. पावडर बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घालायचे, दहा मिनिटे निवळू द्यायचे. तळाशी चुना बसतो, तो फेकायचा. वरचे निवळ पाणी विहिरीत सोडून दोरीच्या बादलीने ढवळायचे, आणि तासभर कुणी पाणी भरायचे नाही. हा तास फार महत्त्वाचा आहे. जंतू मरायला वेळ लागतो.

पावडर टाकली, पण तिने काम केले का? यासाठी ओटी चाचणी असते. काचेच्या लहान नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकतात. पाणी पिवळसर झाले तर क्लोरीन आहे. पांढरेच राहिले तर नाही. नळाच्या किंवा विहिरीच्या पाण्यात वापराच्या वेळी लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम मोकळे क्लोरीन उरलेले असावे लागते. रंग पहिल्या काही सेकंदांतच तक्त्याशी जुळवून पाहायचा असतो. चाचणीचे ते पाणी प्यायचे नाही आणि औषधाला हात लावायचा नाही. ही चाचणी टाकीजवळच्या पहिल्या नळावर केली तर ती जवळजवळ नेहमीच चांगली येते. क्लोरीन वाटेत संपत जाते, आणि पाइप फुटलेला असेल तर गटाराचे पाणी आत ओढले जाते. म्हणून चाचणी नळयोजनेच्या शेवटच्या टोकाला व्हायला हवी. आणि बहुतेक गावांत त्या शेवटच्या टोकाला कुणाची वस्ती असते, हे आम्ही सांगायला नको.

पावडर कुठे ठेवली आहे हेही एकदा पाहून या. ती हवाबंद, कोरड्या आणि अंधाऱ्या जागी ठेवावी लागते. समुद्रकाठच्या दमट हवेत उघडे पोते काही दिवसांत निकामी होते. २० टक्क्यांपेक्षा कमी क्लोरीन असलेली पावडर वापरू नये असा दंडक आहे, आणि पावडरीचा नमुनाही प्रयोगशाळेत तपासता येतो. ज्या पावडरीला नाकात झोंबणारा वासच उरला नाही, ती टाकून वहीत 'शुद्धीकरण केले' लिहिणे ही शुद्ध फसवणूक आहे.

आरोग्य सेवक पाण्याचा नमुनाही घेतो. निर्जंतुक बाटलीत भरून, थंड ठेवून, तो शक्यतो २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवायचा असतो. १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा विष्ठेतला जंतू एकही असता कामा नये. अहवालात 'पिण्यास अयोग्य' आले तर ग्रामपंचायतीला लेखी कळवले जाते, जास्त पावडर टाकून पुन्हा नमुना घ्यावा लागतो. याशिवाय वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, गावातल्या पाण्याच्या स्रोतांचे सर्वेक्षण होते. त्यावरून ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. लाल म्हणजे धोका जास्त. अनेक वर्षे हिरवे टिकवले आणि साथ आली नाही तर चंदेरी कार्ड.

इथे आम्हाला एक अनुभव सांगावासा वाटतो. याच किनाऱ्यावरच्या एका गावात, नाव सांगत नाही, ग्रामपंचायतीला हिरवे कार्ड होते. बौद्धवाडीत मात्र एका पावसाळ्यात घराआड घर कावीळ निघाली. आम्ही काही जण जाऊन स्रोतांची यादी मागून पाहिली. गावच्या सगळ्या विहिरी, बोअरवेल, टाकी, सारे त्यात होते. वाडीची विहीर यादीतच नव्हती. वाईट हेतूने वगळली असे आम्ही म्हणत नाही. यादी करणाराने जुनी यादी उतरवली, आणि जुनी यादी करणारा वाडीपर्यंत कधी गेलाच नव्हता. यादीत विहीर नाही म्हणून पावडर नाही, नमुना नाही, अहवाल नाही. हिरवे कार्ड होते ते उरलेल्या गावाचे. ग्रामसभेत अर्ज दिल्यावर विहिरीला क्रमांक पडला. ज्या दोन घरांतल्या लेकीसुना त्या काविळीत महिनाभर अंथरुणाला खिळल्या, त्यांच्या बुडालेल्या मजुरीची नोंद मात्र कोणत्याच वहीत नाही.

आपल्याच जिल्ह्यात हे पहिल्यांदा घडलेले नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली झाला. महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव १९२४ साली केला. तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो लोकांसह तळ्यावर जाऊन ते पाणी प्यावे लागले, आणि कोर्टातला निकाल लागायला १९३७ उजाडले. कागदावर खुले झालेले पाणी हातात यायला एवढा काळ गेला. आज पाणी हातात आहे, पण ते तपासलेल्या पाण्यांच्या कागदावर आहे का, हे पाहायचे आहे.

आता डासांविषयी. डेंग्यूचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि दिवसा चावतो. अळीचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायला सांगतात. पण नुसते पाणी ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटलेली असतात आणि पाण्याशिवाय महिनोन्‌महिने तग धरतात. पिंप काथ्याने आतून घासून काढा. आपल्या भागात आणखी दोन जागा विसरू नका. एक, पर्यटकांनी पिऊन टाकलेली शहाळी आणि घरामागच्या करवंट्या. दुसरी, पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या आणि त्यांवरची ताडपत्री. तिच्या खळग्यात जे पाणी साचते ते कुणाच्याच घरचे नसते, म्हणून ते कुणी ओतत नाही.

वहीत तो काय मांडतो तेही सांगतो. ४० घरे पाहिली आणि ६ घरांत अळ्या सापडल्या, तर घर निर्देशांक १५ टक्के. १० च्या वर गेला की धोका मानतात, आणि त्यावरून फवारणी, धुरळणी, जादा माणसे ठरतात. म्हणजे आपण पिंप लपवले तर आकडा खाली येतो आणि मदतही येत नाही. अळ्या सापडल्या म्हणून घरच्या बाईला चारचौघांत बोलणे मात्र आम्हाला पटत नाही. पाणी दोन-दोन दिवसांनी येत असेल तर पिंप भरून ठेवावेच लागणार. अशा वेळी निरीक्षकाला दोन्ही लिहायला सांगा: अळ्या सापडल्या, आणि पाणी किती दिवसांनी येते तेही. वापराच्या पाण्यात तो ॲबेटचे औषध टाकतो, मोठ्या हौदात आणि वापरात नसलेल्या विहिरीत गप्पी मासे सोडता येतात. पिण्याचे पाणी घट्ट झाकून ठेवा. कावीळ किंवा जुलाब सुरू असतील तर ते उकळून घ्या, किंवा आशाताईंकडून मेडिक्लोर मागून बाटलीवरच्या प्रमाणात टाका.

या माणसाची बाजूही पाहिली पाहिजे. सपाट भागात साधारण ५००० लोकवस्तीला एक उपकेंद्र धरतात, आणि एखादे पद रिकामे राहिले की शेजारचे गावही त्याच्याच गळ्यात पडते. तो चिडचिडा दिसला तर पाणी विचारा, बसवा. आपल्यातली कित्येक मुले आज याच नोकरीत आहेत. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या हातात झाडू आणि घाणीची टोपली दिली गेली, आणि वही दुसऱ्याच्या हातात राहिली. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला उचलायला लावणे आणि संरक्षक साधनांशिवाय माणसाला सेप्टिक टँकमध्ये उतरवणे हा गुन्हा आहे. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये ठरवली. तरीही 'तुमच्या वाडीतला कुणी पाठवा' असा निरोप अजून येतो. त्याला नाही म्हणा, आणि निरीक्षकाला कळवा. वही आपल्या हातात यायची वाटही आहे. स्वच्छता निरीक्षकाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आयटीआयमध्ये आहे, मुंबईच्या अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्थेतही पदविका आहे. विहारात येणाऱ्या मुलामुलींना सांगा. भरतीची जाहिरात निघाल्यावर धावपळ करण्यापेक्षा आधी कोर्स केलेला बरा.

आता एवढे करा. येत्या १५ ऑगस्टच्या आसपास ग्रामसभा असेल. त्याआधी एका संध्याकाळी विहारात बसून आपल्या वाडीतल्या विहिरी, बोअर आणि शेवटचा नळ यांची यादी करा, आणि जवळचा शोषखड्डा किती फुटांवर आहे ते टेपने मोजून लिहा. ग्रामपंचायतीकडून स्रोतांची यादी, टीसीएल पावडरीचा साठा, ओटी चाचणीची नोंदवही आणि शेवटच्या पाणी नमुन्याचा अहवाल पाहायला मागा. आपली विहीर यादीत नसेल तर दोन प्रतींत अर्ज द्या, एका प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या, आणि एक नक्कल प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना द्या. नोंदवही दाखवत नसतील तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज आहेच, त्याला ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. अर्ज लिहिताना अडचण आली तर आम्हाला कळवा. विहिरीचा व्यास आणि पाण्याची खोली मात्र मोजून पाठवा.