काउंट नॉर्मल, तरी ‘अ‍ॅस्पिरिन घेतली का?’ असं का विचारतात?

पावसाळ्यात आपल्या सातारा-सांगलीकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो: ‘डेंग्यूचा पेशंट, मिरजेत अ‍ॅडमिट, प्लेटलेट हव्यात.’ तुम्ही द्यायला गेलात की रक्तपेढीत विचारतात, ‘इतक्यात अ‍ॅस्पिरिन घेतली होती का?’ काउंट तर नॉर्मल आहे, म्हणजे दीड ते साडेचार लाखांच्या मधे. मग गोळीची चौकशी कशाला?

कारण काउंट म्हणजे फक्त संख्या. प्लेटलेट काम करतात की नाही, ते त्यातून कळत नाही.

समजा, बोट कापलं. आधी काही प्लेटलेट जखमेला चिकटतात. मग त्या स्वतःच्या आवरणातल्या स्निग्ध पदार्थापासून एक रेणू बनवून बाहेर सोडतात: थ्रॉम्बॉक्सेन ए-२. हा त्यांचा ग्रुप मेसेज. तो मिळाला की शेजारच्या प्लेटलेट जाग्या होतात, एकमेकींना चिकटतात आणि तोच मेसेज पुढे पाठवतात. साधारण अर्ध्या मिनिटात हा रेणू निम्मा उरतो, त्यामुळे मेसेज फार लांब जात नाही. स्वीडनमध्ये बेंग्ट सॅम्युएलसन यांच्या टीमने १९७५ मध्ये तो शोधला.

हा रेणू बनवायला कॉक्स-१ नावाचं एन्झाइम लागतं. अ‍ॅस्पिरिन ते कायमचं बंद पाडते. इतर पेशी नवं एन्झाइम बनवतात, पण प्लेटलेटला केंद्रकच नसतं. म्हणजे अ‍ॅप उडालं आणि परत टाकायला फाईलच नाही! ती प्लेटलेट तिच्या ७ ते १० दिवसांच्या आयुष्यात हा मेसेज पाठवू शकत नाही. आयब्युप्रोफेन मात्र नुसतं म्यूट करते. औषध उतरलं की आवाज परत.

हार्टच्या पेशंटला रोज ७५ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन देतात ती याचसाठी, हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी होऊ नये म्हणून. डेंग्यूत मात्र उलटं होतं. काउंट आधीच घसरतोय, त्यात उरलेल्याही मुक्या झाल्या तर रक्तस्राव वाढू शकतो.

म्हणून डेंग्यूची शंका असेल तर अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन स्वतःहून घेऊ नका. तापाला पॅरासिटामॉल, तेही डॉक्टर सांगतील तेवढंच. डोकेदुखीच्या काही साध्या गोळ्यांतही अ‍ॅस्पिरिन असते. पाकिटावरची बारीक अक्षरं फोनच्या कॅमेऱ्यात झूम करून वाचा. आणि आजोबांना ताप आला, तर त्यांची हार्टची गोळी परस्पर बंद करू नका. ‘ते रोज अ‍ॅस्पिरिन घेतात’ हे डॉक्टरांना आधी सांगा.